विज्ञान केंद्रे आणि शाळा : सहलीपलीकडची भागीदारी

भारतीय राज्यघटनेत १९७६ साली झालेल्या ४२ व्या दुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा समावेश करण्यात आला. त्यातील कलम ५१ क (ज) नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक वृत्ती यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरते. याच दुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी या दोन्ही बाबी स्वतंत्रपणे लक्षात ठेवतात. त्यांचा परस्परसंबंध मात्र क्वचितच विचारात घेतला जातो. दृष्टिकोन ही काही शासकीय आदेशाने निर्माण होणारी वस्तू नव्हे. तो घडण्याचे मुख्य ठिकाण शाळा हेच आहे आणि शाळेतील विज्ञान आजही बव्हंशी पुस्तकातून शिकवले जाते. लंबकाचा दोलनकाल दोरीच्या लांबीवर अवलंबून असतो, टांगलेल्या गोळ्याच्या वस्तुमानावर नाही, हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहून विद्यार्थी पूर्ण गुण मिळवतो. दोरीला आधी लहान व मग मोठा दगड बांधून दोलने मोजण्याची संधी मात्र त्याला मिळालेली असेलच असे नाही.

प्रयोगशाळा नाही, असली तर साहित्य नाही, साहित्य असले तर कपाटाला कुलूप आणि कुलूप उघडले तरी अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई, अशी ही साखळी आहे. शाळेने एकटीने ती तोडावी ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. म्हणूनच शाळेबाहेरच्या विज्ञान संस्थांनी, विशेषतः विज्ञान केंद्रांनी, शाळांच्या शिकवण्यात वाटेकरी व्हावे हा विचार पुढे आला. भारतात त्याला सहा दशकांचा इतिहास आहे. त्यात यश आहे, तसेच चांगले चाललेले काम बंद पडल्याचे उदाहरणही आहे.

संग्रहालयातून केंद्राकडे

जुन्या काळातील संग्रहालयात ‘हात लावू नये’ ही पाटी अपरिहार्य असे. म्युनिक येथे १९०३ साली स्थापन झालेल्या डॉइचेस म्युझियमने प्रेक्षकाला यंत्राची कळ दाबण्याची, दांडा फिरवण्याची मुभा देऊन त्या परंपरेला छेद दिला. पॅरिसमधील पॅले द ला देकूव्हर्त या १९३७ च्या संस्थेने प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवण्यास सुरुवात केली. परंतु आज ज्याला विज्ञान केंद्र म्हटले जाते, त्याची कल्पना खऱ्या अर्थाने रुजली ती १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुरू झालेल्या एक्सप्लोरेटोरियममुळे. त्याचे संस्थापक फ्रँक ओपेनहायमर हे अणुबॉम्ब प्रकल्पाचे वैज्ञानिक प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधू आणि स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी चौकशांच्या काळात, १९४९ मध्ये, त्यांना विद्यापीठातील पद सोडावे लागले. काही वर्षे त्यांनी कोलोरॅडो राज्यात गुरे पाळली आणि त्यानंतर तेथीलच एका छोट्या गावातील शाळेत ते विज्ञान शिकवू लागले. पुढे विद्यापीठात परतल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘प्रयोगांचे ग्रंथालय’ उभारले. पुस्तक काढून वाचावे तसा प्रयोग निवडून स्वतः करून पाहावा, अशी ती व्यवस्था होती. एक्सप्लोरेटोरियमचे बीज तेथे आहे. थोडक्यात, जगातील सर्वांत प्रभावी विज्ञान केंद्रामागे एका शाळामास्तराचा अनुभव होता. केंद्र आणि शाळा यांना दोन वेगळी खाती समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अधिपत्याखाली कोलकाता येथे १९५९ साली बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय सुरू झाले. बंगळुरू येथील विश्वेश्वरय्या औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाचे पहिले दालन १९६५ मध्ये खुले झाले. या संस्थांच्या कामाचा आढावा घेण्यासाठी नियोजन आयोगाने १९७३ साली एक कार्यदल नेमले. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन स्तरांवर विज्ञान केंद्रे असावीत आणि त्यांच्या समन्वयासाठी एक मध्यवर्ती यंत्रणा असावी, असे त्या कार्यदलाने सुचवले. त्यानुसार ४ एप्रिल १९७८ रोजी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. कोलकाता येथे मुख्यालय असलेली ही स्वायत्त संस्था आज केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. परीक्षार्थींची येथे नेहमी गल्लत होते. ही परिषद विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत नाही.

मुंबईतील वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये, दिल्लीचे राष्ट्रीय विज्ञान केंद्र आणि नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये, तर कोलकात्याची सायन्स सिटी १९९७ मध्ये पूर्ण स्वरूपात सुरू झाली. त्याहून कमी चर्चा होते ती जिल्हा केंद्रांची. ऐंशीच्या दशकात पश्चिम बंगालमधील पुरुलिया, कर्नाटकातील गुलबर्गा म्हणजे आताचे कलबुर्गी, गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातील धरमपूर आणि तामिळनाडूतील तिरुनेलवेली येथे अशी केंद्रे उभी राहिली. महानगरापासून दूर, जेथे शाळेलाच प्रयोगशाळा नाही अशा भागाची ही निवड होती. कार्यदलाच्या तीन स्तरांपैकी तिसरा स्तर सर्वाधिक गरजेचा होता, आणि नेमका त्याचाच विस्तार सर्वांत कमी झाला.

केंद्र शाळेच्या दारी

केंद्रापर्यंत येणे ज्या शाळांना शक्य नाही त्यांचे काय, हा प्रश्न कोलकात्याच्या संग्रहालयापुढे आरंभीच उभा राहिला. त्यावर शोधलेले उत्तर होते फिरते विज्ञान प्रदर्शन. १९६५ साली पश्चिम बंगालमधील नरेंद्रपूर येथील रामकृष्ण मिशनच्या शाळेपासून त्याची सुरुवात झाली. एका विषयावरील हाताळता येणारी उपकरणे बसमध्ये मांडायची, बस गावातील शाळेच्या आवारात दोन-तीन दिवस उभी करायची आणि परिसरातील शाळांनी आपापली मुले तेथे आणायची, अशी ही साधी व्यवस्था आहे. दिवसा प्रयोग-व्याख्याने आणि अंधार पडल्यावर दुर्बिणीतून आकाशदर्शन, असा कार्यक्रम असे. आकाशदर्शनाला मुलांच्या बरोबरीने गावातील मोठी माणसेही येतात आणि ग्रहणासंबंधीचे प्रश्न बहुधा तीच विचारतात. ही कल्पना पुढे देशातील इतर केंद्रांनी उचलली. या कामाला आकार देणाऱ्यांत परिषदेचे माजी महासंचालक सरोज घोष यांचे नाव अग्रभागी आहे. १९९२ ते १९९८ या काळात ते आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेचे अध्यक्षही होते.

रेल्वेरुळांवरही हा प्रयोग झाला. ३० ऑक्टोबर २००७ रोजी दिल्लीतून निघालेल्या ‘सायन्स एक्स्प्रेस’ या सोळा डब्यांच्या प्रदर्शन-गाडीने पहिल्या आठ फेऱ्यांतच दीड कोटीहून अधिक प्रेक्षकांपर्यंत मजल मारली. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या या उपक्रमाचे संचालन अहमदाबादच्या विक्रम साराभाई कम्युनिटी सायन्स सेंटरकडे होते. २०१७ पर्यंत ही गाडी धावत होती.

येथे थोडे गणित मांडणे आवश्यक आहे. यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या माहितीनुसार देशात सुमारे १४.७२ लाख शाळा आणि २४.८ कोटी विद्यार्थी आहेत. देशात अशा ५० बस आहेत आणि प्रत्येक बस वर्षात १०० मुक्काम करते असे मानू. म्हणजे वर्षाला ५,००० मुक्काम झाले. प्रत्येक मुक्कामी आसपासच्या दहा शाळा आल्या, तर वर्षाकाठी ५०,००० शाळांना लाभ मिळेल. या वेगाने देशातील प्रत्येक शाळेपर्यंत एकदा पोहोचण्यास २९ वर्षांहून अधिक काळ लागेल. मुलाचे शालेय आयुष्य अवघे बारा वर्षांचे असते. बसची संख्या दुप्पट केली तरी एका मुलाच्या वाट्याला संपूर्ण शालेय जीवनात फार तर एक भेट येते. तेव्हा बस वाढवाव्यात हे खरे असले, तरी केवळ भेटींच्या संख्येवर विज्ञान शिक्षण सुधारेल हा समज सोडून द्यावा लागतो. त्या एका भेटीनंतर शाळेत काय उरते, यावर सारे अवलंबून आहे.

सहल आणि शिकणे

शाळेची विज्ञान केंद्राला होणारी भेट बहुतेक वेळा वार्षिक सहलीचा भाग असते. सकाळी किल्ला किंवा समुद्रकिनारा, दुपारी विज्ञान केंद्र आणि संध्याकाळी उद्यान. दीडशे मुले दीड तासात पाच दालने पार करतात. विद्यार्थी खूश असतात, यात शंका नाही. परंतु त्यातून किती शिकणे होते?

अमेरिकेतील संशोधक जॉन फॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या विषयावर लक्षवेधी अभ्यास प्रसिद्ध केला. जागा पूर्णपणे अनोळखी असेल तर मुलांचे लक्ष दिलेल्या कामापेक्षा त्या जागेचाच अंदाज घेण्यात गुंतते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ मुले बेशिस्त आहेत असा नव्हे. कोठे काय आहे, जेवायचे कोठे, परत कोठे जमायचे, हे ठाऊक नसताना कोणाचेही मन स्थिर राहत नाही. त्यावरचा उपाय खर्चिक नाही. भेटीपूर्वी शाळेतच एक तास घेऊन केंद्राचा नकाशा, दिवसाचा कार्यक्रम आणि शोधावयाचे दोन-तीन प्रश्न मुलांना सांगावेत. भेटीत सर्व दालनांऐवजी शिकवण्याच्या घटकाशी संबंधित एकच दालन सावकाश पाहावे. परतल्यावर आणखी एक तास त्या प्रश्नांसाठी द्यावा. प्रकाशाचे परावर्तन शिकवायचे असेल, तर आरशांच्या दालनात तासभर काढलेल्या वर्गाला पुढचा आठवडाभर पुरेल इतका ऐवज मिळतो.

हे साधण्यासाठी शिक्षकाने आधी केंद्राला भेट दिलेली असणे गरजेचे आहे. भागीदारीतील सर्वांत दुर्लक्षित कडी हीच. सहलीच्या नियोजनात बसचे भाडे, जेवण, पालकांची संमतीपत्रे या सर्वांची काळजी घेतली जाते. शिक्षकाच्या पूर्वभेटीसाठी एका दिवसाची कर्तव्यरजा मात्र मिळत नाही. न्यूयॉर्क शहरात २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्बन अ‍ॅडव्हांटेज’ या कार्यक्रमात नेमक्या याच कडीवर भर देण्यात आला. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीच्या पुढाकाराने शहरातील संग्रहालये, प्राणिसंग्रहालये आणि वनस्पती उद्याने एकत्र आली. त्यांनी आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले, शाळांना साहित्य पुरवले आणि आठवीच्या विद्यार्थ्यांना जो दीर्घ विज्ञान प्रकल्प सक्तीने करावा लागत असे, त्याच्याशी भेटींची सांगड घातली. भेट ही परीक्षेच्या कामाचा भाग झाली, म्हणून ती गांभीर्याने घेतली गेली.

होशंगाबादचा धडा

विज्ञान संस्था आणि सरकारी शाळा यांच्यातील भागीदारीचे भारतातील सर्वांत मोठे उदाहरण कोणत्याही संग्रहालयाने घडवलेले नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, जो २०२२ पासून नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो, किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी १९७२ साली १६ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये प्रयोगाधारित विज्ञान शिकवण्यास राज्य शासनाची परवानगी मिळवली. सहावी ते आठवीचे हे वर्ग होते. टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्ली विद्यापीठ अशा संस्थांतील शास्त्रज्ञ व प्राध्यापक सुट्ट्या काढून तेथे येत, शिक्षकांसोबत बसून प्रयोग रचत आणि ते फसले तर पुन्हा रचत. १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली आणि अन्य जिल्ह्यांतही त्याचा विस्तार झाला.

‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पाठ्यपुस्तकात व्याख्या आणि तयार उत्तरे नसत. करावयाचे प्रयोग आणि विचारावयाचे प्रश्न असत. प्रत्येक शाळेला प्रयोगपेटी मिळे. मुले चार-चारच्या गटात काम करीत. मुलांनी मनातील कोणताही प्रश्न पत्राने विचारावा म्हणून ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र उभे करण्यात आले होते आणि आलेल्या पत्रांना उत्तरे पाठवली जात. शिक्षकांचे दरवर्षी प्रशिक्षण होई, शिवाय दर महिन्याला बैठक भरे. वर्गात कोणता प्रयोग जमला नाही, मुलांनी कोणता अवघड प्रश्न विचारला, यावर त्या बैठकीत चर्चा चाले. मुख्य म्हणजे परीक्षाही बदलली. लेखी परीक्षेत पुस्तक व प्रयोगवही उघडून पाहण्यास परवानगी होती आणि प्रात्यक्षिक परीक्षेला वेगळे गुण होते. पाठांतराचा उपयोगच उरला नाही.

तीस वर्षे हा कार्यक्रम चालला. राज्यात सर्वत्र एकच पाठ्यपुस्तक असावे ही भूमिका पुढे आली आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. त्यावर देशभरातील शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ज्ञांनी आक्षेप नोंदवले, परंतु निर्णय फिरला नाही. या घटनेचे दोन अर्थ लावले जातात. एक असा की, बाहेरच्या संस्थेने चालवलेला कार्यक्रम शासकीय व्यवस्थेत कधीच पूर्णपणे मिसळत नाही. दुसरा असा की, तो इतका मिसळला होता म्हणूनच एका शासकीय आदेशाने संपू शकला. दोन्हींत तथ्य आहे. या कार्यक्रमाचा वैचारिक वारसा मात्र संपला नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानाची शाळेबाहेरील जीवनाशी सांगड घालणे, घोकंपट्टीपासून दूर जाणे आणि परीक्षा अधिक लवचीक करणे यांचा मार्गदर्शक तत्त्वांत समावेश केला, त्यामागे अशा अनुभवांची शिदोरी होती.

मुंबई, जळगाव, पुणे

महाराष्ट्रातही याला समांतर प्रवाह दिसतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये मुंबईत सुरू झाले. आरंभीच्या काळातच या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळा आणि मुंबई महानगरपालिकेच्या शाळा यांच्याबरोबर काम केले. त्यातून पुढे आलेला एक निष्कर्ष मराठी वाचकांना विशेष महत्त्वाचा वाटावा. अनेक मुलांना विज्ञान अवघड जाते ते संकल्पनेमुळे नव्हे, तर पाठ्यपुस्तकाच्या भाषेमुळे. केंद्राचे तत्कालीन प्रमुख वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास या भाषिक अडसरावर लिहिले. संस्कृतप्रचुर संज्ञा आणि लांबलचक वाक्ये घरी कधीही न ऐकलेल्या मुलाला विज्ञानाच्या तासाला दोन विषय एकदम शिकावे लागतात. उपकरणांच्या यादीत ही अडचण कधीच दिसत नाही.

पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारात २००४ साली मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. तिच्या उभारणीला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य लाभले होते. होशंगाबादच्या कार्यक्रमात घडलेले अरविंद गुप्ता यांनी येथे दशकभर काम केले. वाया गेलेले पेन, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, काडेपेटी, सरबताच्या नळ्या यांपासून त्यांनी शेकडो वैज्ञानिक खेळणी तयार केली. या खेळण्यांचे शैक्षणिक मोल त्यांच्या स्वस्तपणात आहे, हे अर्धेच उत्तर झाले. महागडे उपकरण मोडेल या भीतीने शिक्षक ते कपाटात ठेवतो. काडेपेटीचे खेळणे मोडले तर मूल दुसरे करते, आणि दुसरे करताना पहिले का मोडले याचा विचार करते. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांच्या प्रेरणेने शालेय विद्यार्थ्यांसाठी शनिवारची व्याख्यानेही तेथे होत आली. अहमदाबादच्या सामुदायिक विज्ञान केंद्रात याच प्रकारचे एक उदाहरण आधी घडले होते. २२ डिसेंबर १९६८ रोजी नोबेल विजेते सी. व्ही. रमण यांनी ‘आकाश निळे का दिसते’ या विषयावर तेथे भाषण केले. श्रोत्यांनी आकाशाकडे पाहावे आणि प्रश्न स्वतःलाच विचारावा, हा त्या भाषणाचा रोख होता.

एक काठी, दोन शाळा

भागीदारी म्हणजे इमारत वा बसच असली पाहिजे असे नाही. भोपाळ आणि बंगळुरू ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ७७.५ अंश पूर्वेच्या आसपास आहेत. दोन्ही ठिकाणी राष्ट्रीय परिषदेची केंद्रे आहेत. बंगळुरू येथे दरवर्षी २४-२५ एप्रिलच्या सुमारास सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हा ‘शून्य सावली दिवस’ कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा येतो. त्या क्षणी घड्याळात मात्र बारा नव्हे, तर सुमारे १२ वाजून १७ मिनिटे झालेली असतात, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे. भूगोलाच्या पुस्तकातील प्रमाणवेळेचा धडा येथे एका काठीने समजतो.

त्याच दिवशी, त्याच सुमारास भोपाळच्या शाळेत एक मीटर लांबीच्या काठीची सावली सुमारे १८ सेंटिमीटर पडते. यावरून सूर्यकिरणांचा उभ्या काठीशी होणारा कोन काढला, तर तो १० अंशांहून किंचित अधिक येतो. दोन्ही शहरांतील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. दहा अंशांपेक्षा थोड्या अधिक कोनाला इतके अंतर, तर ३६० अंशांना किती? उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळ येते, आणि तोच पृथ्वीचा परीघ होय. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिसने वापरलेली ही रीत दोन शाळांतील सातवी-आठवीची मुले एका दूरध्वनीच्या साहाय्याने पुन्हा वापरू शकतात. केंद्राचे काम फक्त जोडी जुळवणे, वेळ कळवणे आणि आलेल्या आकड्यांतील फरक का पडला यावर मुलांशी बोलणे, इतकेच. काठी तिरकी उभी राहिली, सावलीचे टोक पुसट होते, मोजायला दोन मिनिटे उशीर झाला. चूक कोठून येते हे शोधणे हाच या प्रयोगातील सर्वांत चांगला भाग आहे.

महाराष्ट्रात एक व्यावहारिक अडचण आहे. संपूर्ण राज्य आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सर्वत्र शून्य सावली येते. परंतु बहुतेक ठिकाणी ती मे महिन्यात येते तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये येते तेव्हा आभाळ भरलेले असते. त्यावर तोड आहे. सावली शून्य असणे आवश्यक नाही. डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र दिवशी एकाच रेखावृत्तावरील दोन शाळांनी मध्यान्हीचे कोन मोजले आणि त्यांची वजाबाकी केली, तरी तेच उत्तर मिळते.

योजना आणि त्यांच्या मर्यादा

अलीकडच्या काळात केंद्र शासनाने या क्षेत्रात अनेक योजना आणल्या. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते आणि तिच्यात मुले आपल्या परिसरातील प्रश्नावर गटाने प्रकल्प करतात. २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झालेले राष्ट्रीय आविष्कार अभियान उच्च शिक्षण संस्थांनी शाळांचे पालकत्व घ्यावे या कल्पनेवर आधारलेले आहे. ते आता समग्र शिक्षा योजनेचा भाग आहे. इन्स्पायर-मानक योजनेत निवडक शालेय विद्यार्थ्यांना कल्पना साकारण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. अटल इनोव्हेशन मिशनखाली देशात दहा हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असून प्रत्येक शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्यात आले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पुढील पाच वर्षांत अशा आणखी ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली.

भागीदारी या शब्दाला सर्वाधिक जवळ जाणारा उपक्रम म्हणजे ‘जिज्ञासा’. ६ जुलै २०१७ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केंद्रीय विद्यालय संघटन यांनी त्यास आरंभ केला. परिषदेच्या ३८ प्रयोगशाळा १,१५१ केंद्रीय विद्यालयांशी जोडून दरवर्षी एक लाख विद्यार्थी आणि सुमारे एक हजार शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते. एकाच संघटनेच्या शाळा असल्याने प्रशासकीयदृष्ट्या ही निवड सोयीची होती, पुढे इतर शाळांनाही त्यात सामावून घेण्यात आले. तरीही एक लाख म्हणजे देशातील विद्यार्थ्यांच्या जेमतेम ०.०४ टक्के. शिवाय ज्या शाळांना मुळात प्रयोगशाळा व शिक्षक आहेत, त्यांनाच प्रथम शास्त्रज्ञ भेटले. आकड्यांपेक्षा हा क्रम अधिक विचारात पाडणारा आहे. टिंकरिंग प्रयोगशाळांबाबतही यंत्रसामग्री पोहोचते, ती वापरण्याचा आत्मविश्वास शिक्षकात कोण निर्माण करणार, हा प्रश्न उरतो आणि तेथे जवळचे विज्ञान केंद्र किंवा अभियांत्रिकी महाविद्यालय उपयोगी पडू शकते.

अडचणीचा आणखी एक धागा प्रशासनाचा आहे. विज्ञान केंद्रे सांस्कृतिक मंत्रालयाकडे, संशोधन प्रयोगशाळा विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, शाळा राज्याच्या शिक्षण विभागाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे. एखाद्या केंद्राला तालुक्यातील वीस शाळांबरोबर वर्षभराचा कार्यक्रम आखायचा तर परवानगी कोणाची, खर्च कोणाचा आणि शिक्षकाची अनुपस्थिती कोणत्या रकान्यात दाखवायची, येथूनच सुरुवात करावी लागते. जेथे गटशिक्षणाधिकारी किंवा मुख्याध्यापक उत्साही असतो तेथे मार्ग निघतो. त्याची बदली झाली की काम थांबते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांचा दप्तराविना कालावधी सुचवला आहे. त्याचा मुख्य हेतू स्थानिक कारागिरांकडून व्यवसाय-कौशल्यांची ओळख करून घेणे हा असला, तरी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत विज्ञान, पर्यावरण व तंत्रज्ञान हे एक स्वतंत्र सूत्र ठेवलेले आहे. ही लहान तरतूद नाही. त्यातील चार-पाच दिवस जिल्ह्यातील एखाद्या विज्ञान केंद्रासोबत, ते नसल्यास महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसोबत किंवा कृषी विज्ञान केंद्रासोबत आखण्यास नव्या निधीची गरज लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, जूनमध्येच, तारखा ठरवून शाळांना आणि केंद्राला एकाच पत्राने कळवणे एवढे त्यासाठी पुरते.